उसातली बुरशी आणि आक्काचा डोळा

मी सोलापुरात बुरशीवर पीएच.डी. करत होते, आणि हे घरी कुणाला धड समजावून सांगता येत नव्हतं. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाहुण्यांना सांगायचे, "आमची मेव्हणी उसाच्या रोगाची डॉक्टर हाय." आक्का लगेच म्हणायची, "व्हायचीय अजून." त्यांचं घर उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी. मागे केळी, पुढे ऊस, आणि पाणी चढलं की मोटर वर ओढून आणायची धांदल. माझ्या कामाचे पहिले नमुने मी त्यांच्याच फडातून आणले होते. आक्का कोयत्यानं कांड्या उभ्या चिरून द्यायची आणि मी त्या पिशवीत भरायचे.

कामाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. उसाच्या आसपास राहणाऱ्या, एकाच कुळातल्या बुरशीच्या तीन जाती मी घेतल्या होत्या. कुळाचं नाव फ्युझेरियम. पहिली जात उसाची वैरीण. शेंडा मुरडते, कांडी आतून लाल करते, फड वाळवते. दुसरी त्याच कांडीत राहते आणि उसाला काहीही करत नाही. तिसरी मातीत, कुजणाऱ्या पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांवर जगते. तिघींची जनुकं काढून शेजारी ठेवली तर बरीचशी सारखी. मग एक नासधूस करते आणि दुसरी मुकाट राहते, ते का? उत्तर जनुकं कुठली आहेत यात नसून, त्यातली कुठली कधी चालू होतात यात असावं, असं आम्हाला वाटत होतं. त्यासाठी तिघींना सारख्या अन्नावर वाढवायचं, द्रव नायट्रोजनमध्ये एका झटक्यात गोठवायचं, खलात कुटायचं आणि त्यातून आरएनए काढायचा. त्या क्षणी बुरशीच्या आत काय चाललं होतं, ते आरएनए सांगतो. नायट्रोजनचं भांडं आम्ही गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाला नायट्रोजन पुरवणाऱ्या माणसाकडून भरून आणायचो. मुकाट राहणाऱ्या त्या दुसऱ्या जातीला आम्ही लॅबमध्ये 'गरीब' म्हणायचो. गरीब स्वभावाची, या अर्थानं.

त्या उन्हाळ्यात दाजींचा फोन आला. "आक्काला घिऊन येतूय. डोळा लई सुजलाय."

टेंभुर्णीहून एसटीनं दोघं आली. आक्कानं पदरानं अर्धा चेहरा झाकला होता. स्टँडवर तिनं पदर बाजूला केला. डावा डोळा लाल होता, आणि बुबुळावर मधोमध मळकट पांढरा ठिपका होता, कडा पिंजलेल्या कापसासारख्या.

पाचट काढताना उसाची पात डोळ्याला लागली होती, ती कितीतरी आधी. तिनं पाण्यानं डोळा धुतला. दुसऱ्या दिवशी दुखायला लागलं तेव्हा गावातल्या औषधाच्या दुकानातून थेंब आणले. थेंबांनी लाली गेली, बरं वाटलं. मग पुन्हा दुखलं, तिनं पुन्हा तेच थेंब घातले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला कशाला उगा घोर. तुझी परीक्षा चालली आसंल."

माझ्या परीक्षा संपून कितीतरी वर्षं झाली होती. पण मी शिकते आहे म्हणजे परीक्षा असणारच, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण आणि कमी बोलणारे होते. त्यांनी बुबुळावरचा खरवडा काढून काचेवर घेतला, त्यावर द्रावणाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मी काय करते हे त्यांनी बोलता बोलता विचारलं होतं. आता ते खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "बघा तुम्हीच."

मी वाकले. फाटे फुटलेले, मधेमधे पडदे असलेले बारीक तंतू. रोज सकाळी लॅबमध्ये पहिल्यांदा जे बघायचे, तेच. आयुष्यातली एवढी वर्षं मी ज्यांच्याकडे बघण्यात घातली होती, ते माझ्या बहिणीच्या डोळ्यातून निघाले होते. 

"काय दिसतंय गं?" आक्कानं खुर्चीवरून विचारलं.

"बुरशी आहे, आक्का."

तिनं सुटकेचा श्वास टाकला. "मंग बरं झालं की. तुझ्याच वळकीची हाय."

हे वाक्य मी पुढे कधीच विसरू शकले नाही. ती खरंच निर्धास्त झाली होती. खुर्चीत मागे रेलून बसली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि औषधं लिहायला घेतली.

बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. गावात मिळालेल्या थेंबांत स्टेरॉइड होतं. त्यानं सूज उतरली, पण शरीराची झुंज मंदावली आणि बुरशीला मोकळं रान मिळालं. "खोल गेली आहे. थेंब दर तासाला घालायचे. रात्रीसुद्धा. आणि रोज दाखवायला आणायचं."

दाजी मोटरीच्या काळजीनं परत गेले. आक्का माझ्या सात रस्ता चौकाजवळच्या खोलीत राहिली. वरच्या मजल्यावरची खोली, वर पत्रा. सोलापूरचा उन्हाळा दुपारी त्या पत्र्यातून खाली उतरायचा. मी खिडकीला ओलं पोतं लावलं, फोनवर दर तासाचा गजर लावला. थेंब घातला की आक्का दातांवर दात दाबून पडून राहायची. उजेड सहन व्हायचा नाही. तरी सकाळी मी लॅबला निघाले की म्हणायची, "जा तू. माझं मी घालते थेंब. तुझं काम आडू ने."

दवाखान्यातल्या प्रयोगशाळेनं खरवड्यातून बुरशी वाढवली होती. आक्काची सही आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन मी त्या बुरशीची एक बशी लॅबमध्ये आणली. फिकट गुलाबी, कापसासारखी वाढ. वरून कुळ कळतं, जात नाही. जात ओळखायला तिच्या जनुकातला ठरावीक तुकडा वाचून आधी नोंदलेल्या जातींशी जुळवावा लागतो. मी तो वाचून घेतला आणि जुळवला.

ती 'गरीब' होती. उसाला काहीही न करणारी.

माझे मार्गदर्शक मॅडम आहेत. कडक, पण सरळ. त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "आपल्या लॅबमधली तर मिसळली नाही ना?" शंका योग्य होती. मी दवाखान्यात जाऊन मूळ बशीतून पुन्हा नमुना घेतला. पुन्हा तेच उत्तर. मिसळ नव्हती. आक्काच्या फडातल्या उसात ती मुकाट राहत होती, पातीवरून डोळ्यात गेली होती.

थेंबांचा आठवडा सरला. ठिपका आटला नाही, उलट पसरला. डॉक्टरांनी दुसरं औषध जोडलं, पोटातून गोळ्या दिल्या. बुबुळाच्या मागे पांढरट साका जमायला लागला. आता डोळ्यात फूल पडलंय हे कुणालाही लांबून दिसत होतं. एक दिवस आक्का थेंब घालून घेता घेता म्हणाली, "तू रोज तिच्याबरुबर आसतीस. तिला कशानं मरण येतं ते तुला ठावं आसंल की."

"सगळं नाही ठाऊक, आक्का."

"मंग बघ की. कायतरी कर."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले. आमच्या प्रकल्पात आरएनए वाचून घेण्यासाठी नमुन्यांची संख्या मंजूर झालेली होती, त्यापलीकडे एकही बसत नव्हता. मी म्हटलं, मातीतली जात वगळू या. तिच्या जागी डोळ्यातली बुरशी घेऊ. आणि सगळ्यांना उसाच्या रसात, खोलीच्या तापमानाला वाढवण्याऐवजी, बुबुळाच्या उबेइतक्या तापमानाला वाढवू. अर्ध्या नमुन्यांत औषध घालू.

मॅडमनी चष्मा काढला. "हा प्रबंध आहे. दवाखाना नाही."

"हो मॅडम."

"नमुने बेंगळुरूला जाणार, वाचले जाणार, मग तू महिनोन्‌महिने त्याचा अर्थ लावत बसणार. बहिणीला त्याचा उपयोग व्हायचा नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग?"

"मला दुसरं काही येतच नाही, मॅडम."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर आवारात उन्हानं पांढरी पडलेली माती आणि एक कडुलिंब. मग म्हणाल्या, "नीट कर मग. घाईत केलेली तुलना खोटी असते. एक वेगानं वाढते, एक सावकाश. घड्याळ बघून गोठवशील तर एकीचं बालपण आणि दुसरीचं म्हातारपण शेजारी ठेवशील. दोघी वाढीच्या एकाच टप्प्यावर आल्या की गोठव."

तिथून पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. सकाळी दवाखाना, मग रिक्षा, मग विद्यापीठ, मधे फोन करून थेंब घातला का विचारायचं, संध्याकाळी खोली. लॅबमध्ये फ्लास्क हलत होते आणि आत बुरशीचे पांढरे गोळे फिरत होते. उसाची वैरीण त्या उबेत कशीबशी तग धरत होती. गरीब मात्र मजेत वाढत होती. उसातून आणलेली आणि आक्काच्या डोळ्यातली, दोन्ही. मी काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघायचे. कधी कधी वाटायचं, सगळे फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेनं उकडून टाकावेत. पण त्या मेल्यानं डोळ्यातली मरणार नव्हती.

पहिल्या खेपेचा आरएनए नासला. काढत असताना वीज गेली, गार ठेवणारं यंत्र तापलं, जनरेटर सुरू होईपर्यंत व्हायचं ते झालं. आरएनए हळवा असतो, बोटाच्या घामानंसुद्धा तुटतो. तो तपासायच्या जेलवर दोन स्वच्छ पट्टे दिसायला हवेत. मला दिसला तो एक पुसट ओघळ. मी तिथेच फरशीवर बसले. मग उठून पुन्हा फ्लास्क लावले. दुसरं काय करणार होते?

त्याच दिवसांत दाजी आले. केळीचा फणा घेऊन थेट लॅबच्या दारात. आत यायचं नाही म्हणून चपला काढून व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मी हातमोजे काढून बाहेर गेले.

"औषिद कधी तयार हुईल?" त्यांनी विचारलं.

मला क्षणभर कळलंच नाही ते कशाबद्दल बोलताहेत. आणि मग कळलं. आक्कानं त्यांना सांगितलं होतं, धाकटी रात्रंदिवस खपतीय, ती यातून मार्ग काढणार.

"दाजी, मी औषध करत नाहीये."

"मंग काय करतीस?"

"ती बुरशी डोळ्यात काय करतीय, ते बघतीय. उसातल्या तिच्या बहिणी काय करतात आणि ही काय करते, ते."

 दाजी रागावले नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"बघून?" ते म्हणाले.

 मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. ते केळी सोलून माझ्या हातात देत राहिले आणि मी खात राहिले, कारण तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आरएनए चांगला निघाला. नमुने कोरड्या बर्फात बांधून बेंगळुरूला रवाना केले, आणि त्याच आठवड्यात आक्काचं बुबुळ फुटलं. सकाळी ती म्हणाली, "डोळ्यातनं गरम पानी गेलं गं, आन् दुखायचं कमी झालं." दुखणं कमी झालं म्हणून ती खूश होती. मला त्याचा अर्थ माहीत होता. दवाखान्यात पोचेपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.

बुबुळ बदलावं लागणार होतं. त्यासाठी कुणातरी गेलेल्या माणसाचं मिळायला हवं. आम्ही वाट पाहत होतो, म्हणजे खरं तर कुणाच्या तरी मरणाची वाट पाहत होतो, आणि आक्काला ते समजत होतं. "कुनाच्या घरात रडारड आसंल," ती म्हणाली, "आन् आपन हितं हात जोडून बसलूय." बुबुळ मिळालं. शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर तिनं दाजींच्या सदऱ्याचा रंग ओळखला. मग थोड्या दिवसांनी नव्या बुबुळाच्या कडेला बारीक पांढरी रेघ उमटली. डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं, दिवा बंद केला, आणि पुन्हा लावून पाहिलं.

बुरशी आत उतरली होती.

"डोळा काढावा लागेल," ते आक्कालाच म्हणाले, आमच्याकडे वळले नाहीत. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आक्कानं विचारलं, "न्हाय काढला तर?"

"दुखणं थांबणार नाही. आणि आत पसरली तर जिवावर बेतेल."

"दुसऱ्या डोळ्याला काय हुईल का?"

"काढल्यावर धोका नाही."

"मंग काढा." एवढंच. मग माझ्याकडे वळून, "तू रडू नगंस. तू रडलीस की ह्यांना बी रडू येतंय." दाजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

निकाल आला तेव्हा आक्का गावी गेली होती. हजारो जनुकांच्या ओळी, त्यापुढे आकडे. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. अर्थ लावायला पावसाळा सगळा गेला. आधी या जातीतलं कुठलं जनुक त्या जातीतल्या कुठल्या जनुकाचा जोडीदार, ते जुळवायचं. मग कुठल्या जनुकाचं काम चढलं, कुठल्याचं उतरलं, ते बघायचं. हळूहळू चित्र दिसायला लागलं. डोळ्याच्या उबेत उसाच्या वैरिणीची सगळी ताकद स्वतःला सावरण्यात जात होती. गरीब मात्र त्या उबेत प्रथिनं कापणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, बनवायला लागत होती. बुबुळ प्रथिनांचंच असतं. औषध घातलं की ते बाहेर फेकणारी जनुकं ती चढवत होती.

पण मी दिवसचे दिवस ज्या ओळींवर अडून बसले, त्या वेगळ्या होत्या. मला मनातून खात्री होती की डोळ्यातली बुरशी बिघडलेली निघेल. काहीतरी फिरलेलं, वाकडं झालेलं, उसातल्या गरीब जातीत नसलेलं काहीतरी तिच्यात सापडेल. मी शोधत राहिले. उसातली आणि डोळ्यातली, दोघींच्या ओळी जवळजवळ एकसारख्या चढत होत्या, एकसारख्या उतरत होत्या. फरक नव्हता. आक्काच्या डोळ्यातली बुरशी कुणी वेगळी नव्हतीच. गरीब जातीतली कुठलीही, कुठल्याही फडातली, त्या उबेत जाऊन पडली असती तरी हेच करणार होती. मी ज्या पिशव्या भरून आणल्या होत्या, त्यातल्यासुद्धा.

मॅडमना आलेख दाखवले. त्या एकदम म्हणाल्या, "अगं, हा फार चांगला निकाल आहे," आणि तिथेच थांबल्या. मग उठून त्यांनी माझ्यासाठी पाण्याचा पेला भरला.  तो निकाल पुढे माझ्या प्रबंधाचं मधलं प्रकरण झाला. लोक त्याचं कौतुक करतात. मी आभार मानते आणि विषय बदलते.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले. उसाला तुरे येऊ लागले होते. आक्का ओट्यापाशी उभी होती, डाव्या खोबणीत बसवलेला डोळा तिच्या उजव्या डोळ्यापेक्षा थोडा जास्त चमकत होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले तर दचकली. "उजवीकडनं येत जा," ती म्हणाली. "तिकडचं न्हाय दिसत."

दाजी मोटरीकडे गेले होते. ती म्हणाली, "निकाल लागला का गं तुझा?"

"लागला."

"काय निगालं?"

मी सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून. उसातली आणि डोळ्यातली एकच निघाली, तिच्यात काही वाकडं नव्हतं, उबेत गेली म्हणून तशी वागली.

आक्का ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी तिचा बी काय दोस न्हाय म्हन की."

मला राग आला. तिच्यावरच. इतकी वर्षं शिकून, इतके दिवस खपून मी तिला आणून दिलं होतं ते हे, की दोष कुणाचाच नाही. आणि तिनं ते किती सहज ठेवून घेतलं! मला तिनं भांडायला हवं होतं. तुझ्या शिक्षणाचा काय उपयोग झाला, असं म्हणायला हवं होतं. दाजींनी पायरीवर विचारलं होतं ते तिनं विचारायला हवं होतं.

तिनं विचारलं नाही. चहा उकळला होता. तिनं डाव्या हाताचं बोट कपाच्या कडेला टेकवलं, पातेलं त्या बोटाच्या रोखानं आणलं आणि ओतलं. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. थोडा चहा कपात पडला, बाकीचा बोटावरून ओट्यावर. तिनं बोट मागे घेतलं नाही, तोंडानं हळूच "स्स" केलं आणि धार कपात आणली.

मी हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला जमलं पायजे."

मग तिनं दुसरा कप पुढे ओढला.